बोटांचा दोष नाही, बॉस!

माळ्यावर, कपाटावर, पलंगाखाली... कुठे ना कुठे एक जुनी गिटार तुमच्याही घरी पडून असेल. तिला पुन्हा वाजती करायला काय लागतं? किती पैसे, किती शनिवार? आणि मुळात हा खटाटोप करावा का?

मराठी घराच्या माळ्यावर काय काय सापडतं, याची यादी जवळपास ठरलेली असते. गौरींच्या मुखवट्यांचा डबा, आजीचं पितळी पिंप, हँडल तुटलेली सूटकेस. आणि बऱ्याच घरांत, रेक्झिनच्या फाटक्या कव्हरमध्ये, एक गिटार. ‘यादों की बारात’ (१९७३) आणि ‘कर्ज’ (१९८०) या सिनेमांनी ज्या पिढीला गिटारचं वेड लावलं, ती आपल्या आईबाबांची पिढी. कॉलेजात हौसेने गिटार घेतली, गॅदरिंगमध्ये दोन गाणी वाजवली, मग नोकरी, लग्न, लोकल, घराचे हप्ते. माणूस कामाला लागला आणि गिटार माळ्यावर गेली.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? २०२०च्या लॉकडाउनमध्ये आपल्यातल्या कितीतरी जणांनी ऑनलाइन गिटार मागवली. पहिला महिना फुल्ल जोश. सी जमला, जी जमला, डी जमला. मग एक दिवस एफ कॉर्ड आला आणि गाडी तिथेच अडकली. एफ म्हणजे पहिल्या बोटाने सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी पुढचा आकार धरायचा. मनगट दुखतं, बोटाला वळ पडतात आणि आवाज येतो तो ‘थड थड’. ‘आपली बोटंच गिटारची नाहीत’ असं म्हणून माणूस गिटार भिंतीला टेकवून ठेवतो. ती तिथेच राहते. वर टॉवेल वाळत घालायला बरी पडते!

मी दुरुस्त करून घेतलेली गिटार बाबांची. मर्चंट नेव्हीत असलेल्या त्यांच्या मावसभावाने १९८४ मध्ये सिंगापूरहून आणलेली, जपानी बनावटीची. ठाण्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि दोन महिन्यांत घर रिकामं करायचं ठरलं. भाड्याच्या घराला माळा नव्हता. आईने सोपा नियम काढला, ‘जे चालत नाही, ते न्यायचं नाही.’ या नियमात जुना मिक्सर गेला, दोन टेबलफॅन गेले आणि गिटारचा नंबर लागला.

‘देऊन टाक,’ बाबा म्हणाले. ‘मला तरी कुठे जमली? एफ कधी लागलाच नाही.’

चाळीस वर्षं झाली तरी माणसाला एक कॉर्ड आठवतो, तर त्यात काहीतरी आहे, असं मला वाटलं. मी आईकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली.

आधी तपासणी, मग पैसे

कुठल्याही जुन्या गिटारवर पैसा घालण्याआधी घरच्या घरी तिची तपासणी करता येते. त्यासाठी लागतं काय? मोबाइलचा टॉर्च, स्टीलची पट्टी आणि एक व्हिजिटिंग कार्ड. ऑफिसने छापून दिलेली शंभर कार्डं ड्रॉवरमध्ये पडून असतील, त्यांचा शेवटी उपयोग!

गिटारच्या पोटावर जी लाकडी पट्टी असते आणि जिच्यात तारा अडकवतात, तो ब्रिज. आपल्या सतारीची घोडी असते ना, तिचीच ही बहीण. या ब्रिजच्या मागच्या कडेखाली कार्ड सरकवून बघा. कार्ड आत गेलं, तर ब्रिज सुटायला लागलाय.

आता गिटार डोळ्यासमोर आडवी धरा. कॅरममध्ये नेम धरतो तसा एक डोळा मिटा आणि मानेच्या कडेने पाहा. मान साधारण सरळ हवी, मध्ये अगदी किंचित खोल. धनुष्यासारखी वाकलेली दिसली, तर तारांनी तिला ओढून घेतलंय.

नंतर बाराव्या पडद्यावर पट्टी उभी धरा आणि तार पडद्यापासून किती वर आहे ते मोजा. याला म्हणतात ‘अ‍ॅक्शन’. सर्वांत जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असेल, तर गिटार हाताला सोपी जाते. आमच्या गिटारीचं जाड तारेचं माप भरलं साडेचार. अशा गिटारीवर तार दाबणं म्हणजे जिममधल्या स्प्रिंगशी कुस्ती.

शेवटी टॉर्च आत मारा. पिठासारखी बारीक पूड दिसली तर किडा लागलाय, आणि ती गिटार घरातल्या बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवा. मुठीच्या सांध्याने पोटावर हलकेच टकटक करा. आतून खडखड ऐकू आली, तर आतल्या आधाराच्या पट्ट्या सुटल्या असण्याची शक्यता आहे. आवाजाच्या भोकाची कडाही नीट बघा. लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत सलग गेल्या असतील, तर वरची फळी अखंड लाकडाची. सँडविचसारखे थर दिसले, तर प्लायवूड. आमची प्लायवूडची निघाली. म्हणजे बाजारभाव बेताचाच. पण प्लायवूडचा एक फायदा आहे, ते कोरड्या हवेत सहसा चिरत नाही.

पंचाहत्तर किलोचा पाहुणा

ही सगळी दुखणी येतात कुठून? आपल्याला वाटतं, माळ्यावर पडून गिटार ‘नुसती’ जुनी होते. पण गिटार कधीच नुसती पडून नसते. नेहमीच्या बारा गेजच्या सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या, की त्यांची एकत्रित ओढ सत्तर ते पंचाहत्तर किलोंच्या घरात जाते. म्हणजे एक धडधाकट माणूस चोवीस तास तिला लोंबकळतोय असं समजा. त्यात आपली हवा. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते आणि लाकूड फुगतं. उन्हाळ्यात नागपूरसारख्या ठिकाणी हवा इतकी कोरडी होते, की लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं कडेने बाहेर येऊन बोटांना टोचतात. गिटारला मानवते साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. आपल्याकडे तेवढी वर्षातून किती दिवस मिळते, ते तुम्हीच मोजा.

चाळीस वर्षांत त्या पाहुण्याने आमच्या गिटारीचा ब्रिज मागून उचलला, पोट फुगवलं आणि मान वाकवली. या तिन्ही गोष्टींचा परिणाम एकच, तारा पडद्यापासून लांब गेल्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली गिटार वाजवायला अवघड का होते, त्याचं उत्तर हे आहे.

‘कोण वाजवणार?’

चौकशी करत करत मी पोहोचलो गिरगावात, एका चाळीच्या तळमजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत. भिंतीवर गिटारी, व्हायोलिनं, एक मोडका मेंडोलिन. सरस, लाकडाचा भुसा आणि चहा यांचा मिळून एक वास. कारागीर सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना ‘अंकल’ म्हणतात, म्हणून मीही म्हटलं.

मला वाटलं, आधी गिटार बघतील. त्यांनी कव्हरची चेनही उघडली नाही. विचारलं, ‘कोण वाजवणार?’

‘बाबा.’

‘वय?’

‘साठी झाली.’

‘स्टेजवर वाजवणार, की घरात?’

‘घरात. वाजवली तर.’

‘हं. मग बघू या.’

हा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. पुढे कळलं, की सगळी दुरुस्ती या उत्तरावर ठरते. तारा किती जाड, किती उंच, काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे सगळं. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्या मुलाला तारा थोड्या उंच लागतात, नाहीतर त्या पडद्यांवर आपटून खरखरतात. हळू वाजवणाऱ्याला त्या खाली चालतात. गिटार ‘होती तशी’ करायची, असं आपण म्हणतो. अंकलचं म्हणणं, आधी ती होती तशी तरी बरोबर होती का, ते बघावं.

मग त्यांनी गिटार बाहेर काढली, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्या तीन पडद्यांवरून नजर फिरवली.

‘सी, जी, डी, ए मायनर,’ ते म्हणाले. ‘एफ नाही वाजवला तुझ्या बाबांनी.’

मी त्यांना एफबद्दल चकार शब्द बोललो नव्हतो! पण ती जादू नव्हती. स्टीलची तार पडद्यावर वर्षानुवर्षं दाबली, की पडद्याला खड्डा पडतो. पहिल्या पडद्यावर दुसऱ्या तारेखाली चांगला खोल खड्डा होता. सी आणि ए मायनर वाजवताना बोट तिथेच पडतं. पण त्याच पडद्यावर जाड तारांखाली धातू नव्यासारखा चकचकीत. एफ वाजवणाऱ्याच्या गिटारीवर तिथेही खुणा दिसतात.

ब्रिज : जुनं पाप, नवा सरस

सगळ्यात वेळखाऊ काम ब्रिजचं निघालं. बाबांच्या कुणा मित्राने नव्वदच्या दशकात तो उचललेला भाग दोन नळ्यांच्या एपॉक्सी गमाने भरून टाकला होता. तो गम घट्ट बसतो, पण जिथे पाहिजे तिथे नाही. शिवाय पुढच्या दुरुस्तीला आडवा येतो. लाकूडकामातला सरस गरम केला की सुटतो, आणि तीच त्याची खुबी. वाद्य पुन्हा उघडता येतं. सतार, तंबोरा, व्हायोलिन, सगळी वाद्यं कधी ना कधी उघडावी लागणार, हे बनवणाऱ्याला माहीतच असतं.

अंकलनी ब्रिज हळूहळू तापवला, पातळ सुरी खालून सरकवली आणि तासाभराने तो उचलून काढला. मग एपॉक्सी खरवडायचं काम. पूर्ण दुपार गेली. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ लाकडापर्यंत आल्यावर नवा गम, तीन क्लॅम्प आणि चोवीस तास हात लावायचा नाही. घाईत असलेल्या माणसाने हे काम करूच नये. मी दोनदा फोन केला, तेव्हा दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, ‘सुकतंय.’

मान आणि थोडं गणित

स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारींच्या मानेत एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीने १९२०च्या दशकात ही फिरवता येणारी सळई आणली. अ‍ॅलन कीने ती आवळली, की मान तारांच्या विरुद्ध दिशेने सरळ होते. पण एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग गिटार रात्रभर ठेवायची आणि सकाळी पुन्हा मोजायचं. जोर लावून सळई तुटली, तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीच्या वर जातो.

मान पुरेशी सरळ झाली का, हे बघायला पुन्हा आपलं व्हिजिटिंग कार्ड. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकदम दाबायची आणि सातव्या पडद्यापाशी फट बघायची. कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी.

ब्रिज बसला, मान सरळ झाली आणि बाराव्या पडद्यावरचं माप साडेचारवरून ३.६ मिलिमीटरवर आलं. पुढे सॅडल. ब्रिजवर जी पांढरी पट्टी असते, जिच्यावर तारा टेकतात, ती. इथे एक साधं गणित आहे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून सॅडल एक मिलिमीटर घासला, की बाराव्या पडद्यावर तार अर्धा मिलिमीटरच खाली येते. अंकलनी सॅडल १.६ मिलिमीटर घासला. माप आलं २.८. अजून का नाही? कारण सॅडल फार बुटका झाला, तर तारा त्यावर नीट दाब देत नाहीत आणि आवाज पडतो. मानेचा कोन बदलून तेही साधता येतं, पण त्याला मान उपटून पुन्हा बसवावी लागते. ‘तुझे बाबा पहिल्या पाच पडद्यांत वाजवणार,’ अंकल म्हणाले. ‘तिप्पट खर्च कशाला?’ गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारा कारागीर भेटला, की त्याचा नंबर सेव्ह करून ठेवावा.

खरखर चांगली की वाईट?

पडद्यांचे खड्डे काढायला आधी सगळे पडदे एका पातळीत घासतात आणि मग प्रत्येकाला पुन्हा गोलाई देतात. पडद्यांची तार बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हरची असते. होय, आजीच्या ताटवाट्यांचं जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. नाव चांदीचं असलं, तरी चांदी औषधालाही नसते. खड्डे फार खोल असतील तर पडदे बदलावे लागतात. आमचे घासण्यावर निभावले.

अंकल प्रत्येक पडद्यावर तार छेडून कान लावत होते. खरखर आली की थांबायचे, कानस उचलायचे. मी म्हटलं, ‘आमच्या आजीच्या तंबोऱ्यात हीच खरखर मुद्दाम आणायचे.’ ते हसले. गोष्ट खरी आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला बारीक उतार देतात, तार तिथे हलकेच घासत राहते आणि तो भरलेला, झणझणीत नाद उमटतो. त्यालाच जवारी म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, तो याच हातांच्या कसबाला. गिटारला मात्र तार सॅडलच्या एका धारेवरून स्वच्छ सुटायला हवी. एकीकडे जो नाद, तोच दुसरीकडे दोष. मात्र दोन्हीकडे काम एकच, केसाएवढं घासायचं आणि ऐकायचं.

एफचं गुपित

शेवटी राहिला नट. मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या आधी, सहा खाचांची छोटी पट्टी असते, तो नट. तारा किती खोल खाचेत बसतात, यावर पहिल्या पडद्यावरची उंची ठरते. कारखान्यात खाचा सहसा थोड्या उथळ ठेवतात. कारण उंच खाच नंतर खोल करता येते, जास्त कोरली गेली तर नवा नट बसवावा लागतो. पुढचं काम विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने करून घ्यायचं असतं. जे कुणी करून घेत नाही.

अंकलनी मला दाखवलं. तार तिसऱ्या पडद्यावर दाबायची आणि पहिल्या पडद्यापाशी बघायचं. तिथे कागदाएवढी फट हवी. आमच्या गिटारीत दोन व्हिजिटिंग कार्डं आरामात गेली.

‘हा नट पहिल्या दिवसापासून असाच आहे,’ ते म्हणाले. ‘याला कुणी हात लावलेला नाही.’

म्हणजे? म्हणजे मान वाकण्याच्या आधी, ब्रिज उचलण्याच्या आधी, १९८४ मध्ये नवी कोरी असतानाही ही गिटार पहिल्या पडद्यावर अवघडच होती. सी, जी, डीमध्ये तिथे फार तर एक बोट पडतं, त्यामुळे भागून जातं. एफमध्ये पहिल्याच पडद्यावर सहाही तारा दाबायच्या. उंच नटाचा सगळा मार तिथेच बसतो. दोन-तीन पडदे पुढे सरकून तोच आकार धरला तर सोपा जातो, त्याचं कारणही हेच. पण शिकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. तो आपल्या बोटांकडे बघतो आणि हार मानतो.

अंकलनी प्लास्टिकचा जुना नट काढला, म्हशीच्या हाडाचा नवा बसवला (आईला मी हे अजून सांगितलेलं नाही) आणि बारीक कानशींनी एकेक खाच कागदाच्या मापावर आणली. तारा मी धोबी तलावला फुर्टाडोजमधून घेतल्या. १८६५ पासूनचं नाव, तारांचे गेज विचारताना लाज वाटत नाही अशी जागा. बारा गेजऐवजी दहा गेजचा हलका सेट घेतला. ओढ बरीच कमी, बोटांना आराम, आणि जुन्या लाकडालाही.

बिल आणि खरा हिशेब

आता मुद्द्याचं बोला, असं म्हणाल. तर माझं बिल असं. ब्रिज काढून बसवणं १५०० रुपये. पडद्यांचं काम १२००. हाडाचा नट आणि सॅडलचं काम ११००. पूर्ण सेटअप ८००. तारा ६००. एकूण ५२०० रुपये आणि तीन शनिवार. खुंट्यांची खटारा चाकं शिलाई मशीनच्या तेलाच्या एका थेंबावर चालायला लागली, ते फुकट.

ही गिटार आज विकायला काढली, तर ५२०० येणार नाहीत. थोडे पैसे घालून नवी कोरी येते. मग फायदा काय? एक तर त्या नव्या कोऱ्या गिटारीचा नटही उंच असण्याची शक्यता असते, म्हणजे सेटअपचे पैसे तिथेही आलेच. दुसरं, सगळी दुरुस्ती सगळ्यांना लागत नाही. तुमची गिटार लॉकडाउनवाली असेल, तर ब्रिज, पडदे बहुधा ठणठणीत असतात. तिला हवा असतो नट आणि सेटअप. एका मल्टिप्लेक्सवारीच्या खर्चात काम होतं.

आणि जे झालं नाही, तेही सांगायला हवं. आमच्या गिटारीचं पोट अजून थोडं फुगलेलं आहे. दहाव्या पडद्याच्या पुढे ती अजूनही जड लागते. पॉलिशवरचे ओरखडे, चहाच्या कपाचा एक गोल डाग, सगळं तसंच आहे. अंकलनी पॉलिशला हात लावू दिला नाही. म्हणाले, त्याने आवाज सुधारत नाही, फक्त फोटो सुधारतो.

खोक्यांवरची मैफल

गिटार घरी आली, तेव्हा अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. बाबा ‘भांडी – काच’ असं लिहिलेल्या खोक्यावर बसले. आधी सी. मग जी. बोटांना आकार आठवत होते, पण त्वचा मऊ पडलेली, दोन मिनिटांत टोकं लाल झाली.

‘बाबा, एफ लावून बघा ना.’

‘नको रे. तो नाही लागत मला.’

‘एकदा.’

त्यांनी बोट आडवं ठेवलं. पहिल्यांदा दोन तारा मुक्या राहिल्या. बोट जरा पडद्याजवळ सरकवलं, पुन्हा छेडलं. सहाही तारा बोलल्या.

बाबा थांबले. बोट उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा छेडलं. ‘अरे,’ ते म्हणाले, ‘म्हणजे तेव्हाही...’ आणि पुढचं बोललेच नाहीत. मग सीवरून एफ, एफवरून सी, असं वीस मिनिटं चालू होतं. आई आतून ओरडली, ‘अहो, आता दुसरं काहीतरी वाजवा!’

नियमाप्रमाणे गिटार नव्या घरी आली. सामानाच्या टेम्पोतून नव्हे, टॅक्सीतून, बाबांच्या मांडीवर.

तुमच्या गिटारसाठी, थोडक्यात

स्वतः करा : तारा बदलणं, पडद्यांमधली घाण मऊ, किंचित ओल्या फडक्याने पुसणं, खुंट्यांना तेलाचा थेंब, वर सांगितलेली सगळी मापं. जुन्या तारा काढताना सुरात असलेली तार कधीच कापू नका. सगळ्या तारा थोड्या थोड्या सैल करा, पूर्ण ढिल्या झाल्या की मगच कापा.

कारागिराला द्या : सुटलेला ब्रिज, पडद्यांची घासाई, नटच्या खाचा, ट्रस रॉड (हात बसला नसेल तर) आणि कुठलीही चीर. घरातला कुठलाही गम ‘तात्पुरता’ म्हणून लावू नका. तात्पुरता गम काढायलाच जास्त पैसे पडतात.

पावसाळ्यात : गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला तर नाहीच. हार्ड केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा बदला. महिनाभर वाजवणार नसाल, तर तारा दोन-तीन सूर उतरवून ठेवा. खोबरेल तेल आणि फर्निचर पॉलिश, दोन्ही लांब.

कारागिराकडे जाताना : कोण वाजवणार, काय वाजवणार, किती वाजवणार, हे आधी ठरवून जा. त्याने स्वतःहून विचारलं, तर तुम्ही योग्य दारात आलात असं समजा.

आणि आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. गिटारवरचा टॉवेल काढा, तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि पहिल्या पडद्यापाशी व्हिजिटिंग कार्ड घालून बघा. ते आरामात सरकलं, तर एफ न लागण्यात तुमच्या बोटांचा काही दोष नाही, बॉस.